कोहिनूरचे वजन

कर्ज काढायचे तर तारण लागते, जामीनदार लागतात, सात-बाराचा उतारा लागतो आणि एवढे सगळे जमवून माणूस काउंटरशी आला की त्याच्या लक्षात येते, फोटो घरी राहिला. मत द्यायला यातले काहीही लागत नाही. फोटोसुद्धा लागत नाही. त्यामुळेच की काय, आपल्याकडे कर्जबाजारी माणसे जितकी आहेत त्याच्या कितीतरी पट मतबाजारी माणसे आहेत. क्रिकेट, सरकार, पाऊस, पुरणपोळी आणि शेजाऱ्याची सून या पाच विषयांवर ज्याला मत नाही असा मराठी माणूस बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या काउंटरसमोर उभा राहिलेला नाही.

अशा परिस्थितीत ज्या विषयावर हिंगणीत कुणाचेच मत नव्हते असा एक विषय गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात शिरला. पंधरवड्याच्या आत त्यावर गावात इतकी मते तयार झाली की शेवटी ती कुठेतरी लिहून ताळा मांडणे मला भाग पडले. बी. कॉम. झालेल्या माणसाला दुसरे काय सुचणार?

विषय होता ‘कोहिनूर’. हिरा नव्हे, हिऱ्याकडे मी नंतर येणार आहे. हा ‘कोहिनूर’ म्हणजे ऑक्टोबर २०१९ मध्ये निघालेला रॅपगाण्यांचा अल्बम. गायकाचे नाव डिव्हाईन. (गायक म्हणायचे की नाही यावरच पहिला मतभेद झाला, पण तूर्त म्हणू.) विषय घरात आणला चिरंजीवांनी. चिरंजीव अकरावीत आहेत, वाणिज्य शाखेत. ही शाखा आमच्या घराण्याला गुडघेदुखीसारखी आहे, पिढी चुकत नाही. त्याच्या हिशेबाने २०१९ म्हणजे पुरातन काळ. “बाबा, जुनं आहे, पन क्लासिक आहे,” असे तो ज्या आदराने म्हणाला तेवढ्या आदराने मी माझ्या वडिलांसमोर बालगंधर्वांचेही नाव घेतले नव्हते.

“हा हार्डकोअर रॅपर होय,” तो म्हणाला.

आमच्या खात्यात हार्डकोअर हा शब्द थकबाकीदाराला लावतात. नोटिसा पाठवून झाल्या, जामीनदाराच्या घरी चहा पिऊन झाला, तरीही जो माणूस हसतमुखाने “पुढच्या हंगामाले पाहू ना साहेब” म्हणतो, तो हार्डकोअर. रॅपमधला हार्डकोअर याहून फार वेगळा नसतो असे आता माझे मत झाले आहे. तोही कुणाला भीत नाही, कुणाचे काही लपवत नाही आणि फेडायचे असेल तर जुने हिशेबच फेडतो.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अकरावीतला मुलगा नाही त्यांच्यासाठी थोडी नोंद करतो. डिव्हाईनचे खरे नाव विवियन फर्नांडिस. मुंबईचा, अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरचा. आई परदेशी नोकरीला आणि वाढ आजीच्या हाताखाली. शाळेत असताना एका मित्राच्या अंगावर ‘फिफ्टी सेंट’ या अमेरिकन रॅपरचा टी-शर्ट पाहिला आणि हा कोण बुवा म्हणून ऐकायला गेला तो तिकडचाच झाला. पन्नास सेंट म्हणजे अर्धा डॉलर. एवढ्याशा भांडवलावर उभी राहिलेली दुसरी पेढी माझ्या पाहण्यात नाही. सुरुवातीला तो इंग्रजीत रॅप करी. मग आपल्या गल्लीची हिंदी त्याने धरली आणि लोक थांबून ऐकू लागले. २०१३ मध्ये ‘ये मेरा बॉम्बे’, २०१५ मध्ये कुर्ल्याच्या नेझीबरोबर ‘मेरे गली में’, फेब्रुवारी २०१९ मध्ये या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हा ‘कोहिनूर’. स्वतःच्या एकट्याच्या नावावरचा हा पहिला अल्बम. तारखांचा हा क्रम ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

तर मते. मिळाली त्या क्रमाने देतो.

पहिले मत घरातले. आमच्या हिने स्वयंपाकघरातून दोन गाणी ऐकली आणि पोळी तव्यावर टाकत विचारले, “एवढा कोनाशी भांडून रायला हा?”

“भांडत नाही आई, रॅप करून रायला.”

“त्याले म्हनावं, आंदी जेवून घे. मंग भांड.”

हे मत मला तेव्हा विनोदी वाटले. पण हा पोरगा आजीने वाढवला हे कळल्यावर हीच बाई म्हणाली, “तरीच. आजीजवळ वाढलेली पोट्टी तोंडानं फटकळ अन् मनानं हळवी रायतात.” अल्बम न ऐकता अल्बमचे इतके नेमके परीक्षण मी दुसरे ऐकलेले नाही. ज्यांनी पूर्ण ऐकला त्यांना मात्र एवढे सुचले नाही.

दुसरे मत गुरुजींचे. गुरुजी चाळीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाले, पण लाल शाई निवृत्त झाली नाही. लग्नपत्रिकाही ते तपासून परत करतात. त्यांनी मोबाइल कानाशी धरून डोळे मिटले. “यात स्थायी कुठे आहे? अंतरा कुठे आहे? हा तर नुसता बोलतोय,” असे म्हणून त्यांनी शंभरापैकी अठ्ठावीस गुण दिले. मी म्हटले, “गुरुजी, भारुडात तरी नाथांचा विंचू चावल्यावर माणूस आलाप घेतो का? तोही बोलतच असतो की.” गुरुजी गप्प झाले. तीन दिवसांनी बँकेत निवृत्तिवेतन काढायला आले तेव्हा खिडकीतून वाकून हळूच म्हणाले, “ओळीच्या पोटातली यमकं बरी साधतो हो. चौतीस करा.” पास व्हायला पस्तीस लागतात. एक गुण त्यांनी तत्त्वासाठी राखून ठेवला.

मला स्वतःला यात भारुडापेक्षा कलगी-तुरा अधिक दिसला. एक शाहीर डफावर थाप मारून दुसऱ्याला कोडे घालणार, त्याचा गुरू काढणार, अक्कल काढणार. दुसरा त्याच चालीत तेवढ्याच तिखटपणे परत करणार. रात्रभर गाव बसून दोघांचे गुण मोजणार. रॅपवाले याला ‘डिस’ म्हणतात आणि न्यूयॉर्कात लागलेला शोध समजतात. शाहिरांनी पेटंट घेतले नाही, एवढेच आपले नुकसान.

तिसरे मत आमच्या शाखाधिकारी साहेबांचे. साहेब पुण्याकडचे. बदलीवर आलेत आणि बदलीचीच वाट पाहतात. बोर धरणाच्या इतक्या जवळ राहून बोर होणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. लोक बोरच्या जंगलात वाघ पाहायला लांबलांबून येतात, साहेबांना मात्र रविवारी हिंगणीत करण्यासारखे काही सापडत नाही. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत एक गाणे ऐकले आणि म्हणाले, “अहो, ही भाषा म्हणायची की वाहतुकीची कोंडी? हिंदी, इंग्रजी, मराठी, सगळ्या एकमेकींच्या अंगावर! काहीतरी एक बोला म्हणावं.” असे म्हणून त्यांनी मला “ते लोन-अकाउंटचं स्टेटमेंट जरा अर्जंट रेडी ठेवा” असे सांगितले. मी शुद्ध मराठीत “येस सर” म्हणालो.

चौथे मत रोखपालांचे. नोटा मोजून मोजून या गृहस्थांना नोटांचाच छंद लागलेला. त्यांनी गाण्यांची यादी पाहिली आणि बोट ठेवले ते ‘गांधी मनी’वर. वर्धा जिल्ह्यातल्या माणसासमोर गांधी आणि पैसा हे शब्द एका दमात उच्चारायचे म्हणजे धाडस आहे. मला वाटले, आता भडकणार. पण ते घरी जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली एक जुनी नोट घेऊन आले. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीला रिझर्व्ह बँकेने काढलेली. बापू बसलेले आहेत आणि मागे सेवाग्रामचा आश्रम. “बघा, नोटेवर गांधीजी आले ते आपल्या जिल्ह्यातून आले,” ते म्हणाले. “ज्या माणसाच्या कपड्याला खिसा नव्हता तो आता सगळ्यांच्या खिशात आहे. हे त्या पोराला मुंबईत बसून दिसलं. आपल्याला रोज मोजून दिसलं नाही.”

मध्यमवर्गाच्या गाण्यात चंद्र असतो, पाऊस असतो, प्राजक्त असतो, पगार नसतो. पहिल्या तारखेवर एकही भावगीत नाही. पैशाबद्दल आपण पासबुकात बोलतो, तेही पासबुक दुसऱ्याला दिसणार नाही असे धरून. रॅपवाला मात्र पैसा नव्हता तेही ओरडून सांगतो आणि आला तेही ओरडून सांगतो. दुसरे ऐकताना आपल्याला ऐट वाटते, पण पहिले ऐकताना आपण टाळ्या वाजवलेल्या असतात, हे विसरून चालणार नाही.

पाचवे मत खंजिरीवाल्या बुवांचे. आमच्याकडे तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची परंपरा घरोघर आहे आणि बुवांचा हात म्हणजे त्या परंपरेची मुदत ठेव. त्यांना शब्द एक कळला नाही. पण मांडीवर बोटे चालू होती. गाणे संपल्यावर म्हणाले, “काय म्हनते ते मले समजलं नाही, पन पोट्टा ठेक्याले चुकत नाही. अन् श्वास कुठं घेते ते दिसू देत नाही. खंजिरीत हेच कठीन असते.” यात स्तुती नाही आणि निंदाही नाही. कारागिराने दुसऱ्या कारागिराचे हत्यार उलटून पाहावे तसे हे मत आहे. सगळ्या पंधरवड्यात एवढे एकच मत मी व्याजासह जपून ठेवले.

आणि सहावे मत पानटपरीवरच्या पोरांचे. हेच सर्वांत महत्त्वाचे, कारण ज्यांच्यासाठी हा माल निघाला तेच हे गिऱ्हाईक. मला वाटले होते, इथे तरी जयजयकार असेल. पण पोरे नाराज निघाली.

“पयलेचा डिव्हाईन नाही रायला काका.”

“काहून रे?”

“पयले गल्लीतला होता. आता पैसेवाला झाला ना. बडे लोक, बडे कॅमेरे. ‘मेरे गली में’ पाहा, कसं कडक होतं! आता नुसती चमक हाये.”

ज्या मोबाइलवर ही मंडळी हे सांगत होती त्याचे हप्ते आमच्याच शाखेतून कापले जातात. म्हणजे गरिबीतून वर यायचा हक्क यांना आहे, मोबाइललाही आहे, फक्त डिव्हाईनला नाही. त्याने जन्मभर त्याच गल्लीत, त्याच नळावर, त्याच रांगेत उभे राहावे आणि यांच्यासाठी कडक गाणी लिहावी. श्रोत्याला कलावंताचे दारिद्र्य मुदत ठेवीसारखे वाटते. मुद्दल कधी मोडायचे नाही, व्याज मात्र दर वर्षी वेळेवर हवे.

पण पोरांची तक्रार अगदीच खोटी नाही, आणि इथे मला वर दिलेल्या तारखांचे काम आहे. हे मी जमाखर्चाच्या भाषेत सांगतो, कारण दुसरी मला येत नाही.

पहिले पुस्तक, पहिले नाटक, पहिला अल्बम यांची एक गंमत असते. त्यात माणसाचे आतापर्यंतचे सगळे आयुष्य आरंभीची शिल्लक म्हणून जमा असते. वीस-पंचवीस वर्षांची बचत एका वहीत. म्हणूनच पहिले काम पुष्कळदा जड निघते आणि दुसरे हलके, कारण दुसऱ्याच्या खात्यावर मधल्या दोनच वर्षांची जमा असते. न्यूयॉर्कचा नास हा रॅपर पाहा. १९९४ मध्ये विसाव्या वर्षी त्याने ‘इल्मॅटिक’ हा पहिला अल्बम काढला आणि पुढे जन्मभर काहीही केले तरी लोक त्याला त्याच्याच त्या पहिल्या अल्बमच्या मापाने मोजत राहिले. याच नासच्या ‘मास अपील’ कंपनीने २०१९ मध्ये भारतात दुकान उघडले तेव्हा पहिला करार डिव्हाईनशी केला. म्हणजे माप घेणारा शिंपी आधीच ठरलेला.

आपल्याकडे याचे मोठे उदाहरण नामदेव ढसाळांचे. १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ आला. तेही पहिलेच पुस्तक, तीही मुंबई आणि तीही गल्लीच. पण अशी गल्ली, जिचे नाव सभ्य माणसे पत्त्यातही लिहीत नसत. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. पांढरपेशा वाचकाने ते पुस्तक हातात धरले ते चिमट्यात धरल्यासारखे. शब्द कळेनात, कळले ते सोसवेनात. ही कविता आहे का, असा प्रश्न विचारला गेला. गुरुजींनी परवा मोबाइल कानाला लावून विचारला तोच. मधे पन्नासहून अधिक वर्षे गेली, प्रश्नाला खरचटलेदेखील नाही. पण ‘गोलपिठा’त ढसाळांनी आरंभीची शिल्लक एकरकमी ओतली आणि ती एवढी होती की मराठी कवितेला तिचे व्याज अजून मिळते आहे.

डिव्हाईनचे नेमके उलटे झाले. त्याची आरंभीची शिल्लक वही उघडण्याआधीच खर्ची पडली होती. थोडी २०१३ च्या गाण्यात गेली, बरीचशी २०१५ च्या गाण्यात गेली आणि उरलीसुरली ‘गली बॉय’ने पडद्यावर मांडली. गल्ली, गरिबी, एक दिवस आपलाही येईल ही जिद्द, सगळे काही तीन तासांत सबंध देशाने तिकीट काढून पाहिले. त्यातले ते घरोघर गाजलेले ‘अपना टाइम आयेगा’ लिहिण्यात स्वतः डिव्हाईनचाही हात होता. आता आठ महिन्यांनी त्याच माणसाने पहिला अल्बम काढायचा. काय लिहावे त्याने? गल्लीवर लिहिले तर लोक म्हणणार, सिनेमात पाहिले. गल्लीवर लिहिले नाही तर म्हणणार, गल्ली विसरला. म्हणून ‘कोहिनूर’ हा नावाला पहिला अल्बम असला तरी वागणुकीला दुसरा आहे. मधल्या कमाईवर चालणारा. हे एकदा लक्षात आले की पोरांची नाराजी कळते, आणि त्या नाराजीतला अन्यायही कळतो.

आता माझे स्वतःचे मत. सगळी गाणी मी तीन वेळा ऐकली. फार नाहीत, दोन्ही हातांची बोटे मोजायला घेतली तर बोटे शिल्लक राहतात. ‘रिमांड’सारखे गाणे ऐकताना आवाज जड होतो, अंधाराची हवा लागते, आणि बोलणारा माणूस आपल्या समोरच्या खुर्चीत बसून बोलतो आहे असे वाटते. ‘गांधी मनी’तही वजन आहे. ‘वाइब है’मध्ये तो आपल्या जोडीदारांना बरोबर घेतो, तिथे मैफल नसून कट्टा असतो आणि ते बरे वाटते. पण ‘टू हाइप’मध्ये सिड श्रीराम यांचा गोड गळा येतो, ‘वल्ला’ नाचऱ्या चालीवर जाते, तिथे हाच खरखरीत आवाज कुणीतरी पॉलिश करून काचेच्या पेटीत ठेवल्यासारखा भासतो. वाईट नाही. चमकतो. पण हातात घ्यावासा वाटत नाही.

आणि इथेच मला हिऱ्याची गोष्ट सांगायची आहे, कारण अल्बमला नाव देताना डिव्हाईनने ती आठवली होती की नाही ठाऊक नाही, पण ती त्याच्या श्रोत्यांनी जरूर ऐकावी.

१८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला आणि दलीपसिंग या अल्पवयीन महाराजाकडून कोहिनूर लिहून घेतला. पुढच्या वर्षी तो व्हिक्टोरिया राणीकडे पोचला. १८५१ मध्ये लंडनला हाइड पार्कात मोठे प्रदर्शन भरले. त्यात तो मांडला. पाहायला ही गर्दी! आणि पाहून लोकांचे मत काय पडले? चमकत नाही. एवढा गाजावाजा आणि हा काचेचा खडा? जुन्या हिंदुस्थानी पद्धतीचे पैलू वजन राखण्यासाठी पाडलेले असत, चमकण्यासाठी नव्हे. पण लंडनच्या लोकांना लखलखाट हवा होता. राणीचे यजमान अल्बर्ट यांनी ते मत मनावर घेतले. १८५२ मध्ये ॲमस्टरडॅमचे कारागीर बोलावले आणि हिरा पुन्हा घासला. खूप चमकू लागला. लोक खूश झाले. फक्त वजन चाळीस टक्क्यांहून अधिक घटले. आज तो १०५.६ कॅरटचा आहे.

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने या व्यवहाराकडे पाहावे. प्रेक्षकांच्या मतापोटी भांडवलाचा एवढा हिस्सा भुकटी होऊन उडाला आणि त्याची नोंद ‘सुधारणा’ या सदरात झाली.

‘कोहिनूर’ अल्बममध्ये दोन्ही आहेत. काही गाणी जुन्या पैलूंची आहेत, ती वजनाला टिकली. काही लंडनच्या गर्दीसाठी घासलेली आहेत, ती चमकतात. पण घासायला कुणी लावले? टपरीवरची पोरे म्हणतात, कंपनीने. मी म्हणतो, आपणच. बाजारात चमक मागायची आणि घरी आल्यावर वजन कमी भरले म्हणून तक्रार करायची, हे गिऱ्हाईक मी रोज पाहतो.

एवढे सगळे मी एका अल्बमसाठी का लिहीत बसलो, असे वाचकांना वाटले असेल. त्याचे कारण चिरंजीवांच्या पुस्तपालन आणि लेखाकर्माच्या वहीत आहे.

चिरंजीव नुसते ऐकत नव्हते, लिहीतही होते. त्या वहीच्या मागच्या पानांवर, जिथे आम्ही आमच्या काळी शाहरुख खानचे नाव लिहीत असू तिथे, पानभर ओळी. विषय कापसाचा. बोंडे वेचणारी त्याची आजी म्हणजे माझी आई, भाव पडल्यावर घरात होणारी शांतता, आणि रात्री धुऱ्यावर जागल करताना डुकराची वाट पाहत बसलेला त्याचा काका. सगळे आमच्या बोलीत. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘जाऊन रायला’. ओळी इथे देत नाही. त्यावर मालकी त्याची आहे.

पण पंधरवड्यात त्या वहीवरून मतांचा रोलर फिरला होता. गुरुजींना त्याने ती दाखवली, तर गुरुजींनी लाल शाईने सतरा ठिकाणी ‘मले’चे ‘मला’ केले. साहेबांना कौतुक वाटले आणि ते म्हणाले, “छान आहे, पण हिंदीत लिही, रीच वाढेल.” टपरीच्या पोरांनी सल्ला दिला की मधेमधे ‘बंटाय’ टाक, नाहीतर रॅप वाटत नाही. हिंगणीच्या कापसाच्या धुऱ्यावर बंटाय! अंधेरीच्या पोराने आपल्या गल्लीचा शब्द आपल्या गाण्यात आणला म्हणून तो डिव्हाईन झाला. त्याचा धडा हिंगणीच्या पोराने काय घ्यायचा? तर अंधेरीचा शब्द घ्यायचा!

आणि चिरंजीव खोडत बसले होते. एकेक ‘मले’ रबराने पुसून.

मी बावीस वर्षे काउंटरच्या आत ‘मला’ म्हणतो आणि काउंटरबाहेर ‘मले’. दाराशी चप्पल काढावी तशी भाषा काढून मी रोज आत जातो. माझ्या पोटाचा प्रश्न होता, त्यात वाईट काही नाही. पण पोरगा तर अजून कुठल्या काउंटरवर बसलेला नाही. त्याने आतापासून चप्पल काढून हातात का धरावी?

मी त्याला काही उदाहरणे सांगितली. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० मध्ये आली. तिच्यातली माणसे वऱ्हाडीतच रडतात आणि वऱ्हाडीतच भांडतात आणि ती मराठीतली मोठी कादंबरी म्हणूनच वाचली जाते. हे त्याला फारसे पटले नाही, कारण कादंबरी परीक्षेला येते. मग त्याच्याच दुनियेतले एक उदाहरण त्याने मला दिले. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर. २०२३ मध्ये टीव्हीवरच्या ‘हसल’ या रॅपच्या स्पर्धेत गाजला. आपले नाव तो आधी शंभराचा आकडा आणि पुढे आरबीएच अशी अक्षरे टाकून लिहितो. शंभर म्हणजे सौ, पुढे रभ. सौरभ! नावाच्या आतच बेरीज करणारा हा माणूस मला तत्काळ आवडला. “तो अमरावतीचा आहे असं सांगते बाबा, लपवत नाही,” पोरगा म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच जरा धीर होता.

मी म्हटले, “मंग तू कायले खोडून रायला?”

“लोक हसतील ना.”

“हसू दे. लंडनचे लोक कोहिनूरलेबी हसले होते.”

तो बराच वेळ वहीकडे पाहत बसला. मग मी त्याला माझे साग्रसंगीत मत दिले: आरंभीची शिल्लक म्हणजे काय, ती कुणाच्या सल्ल्याने मोडायची नसते, ठेका बुवांकडून शीक, यमक गुरुजींकडून शीक, पण शब्द आजीकडून घे, आणि वजन घटवून आलेली चमक ताळेबंदाला तोटाच दाखवते. हे सगळे मी पुष्कळ तळमळीने आणि, माझ्या मते, ओघवत्या भाषेत सांगितले. वीसेक मिनिटे तरी गेली असतील.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग रबर कंपासपेटीत ठेवले, पेन्सिल घेतली आणि खोडलेल्या जागी पुन्हा ‘मले’ लिहीत म्हणाला, “बाबा, तुमचं मत पटलं. पन लय लांबलं. मधे कुठं ठेकाच नाही त्याले.”